मामाच्या चुलीवरची उगाली

कोंबडा आधीच धरून ठेवला होता. पाय केळीच्या सोपटाने बांधलेले, चोच किंचित उघडी आणि एक डोळा माझ्यावर. आम्ही गाडीतून उतरलो तसा मामाने माझा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. प्रवास कसा झाला ते विचारलं, माझी तब्येत विचारली, माझ्या आईची विचारली, आणि मग मोठ्या अभिमानाने त्या कोंबड्याकडे बोट दाखवलं.

मामा म्हणजे माझ्या मित्राची आई. स्वाहिलीत आईला मामा म्हणतात. आपल्या मामाला तिकडे 'म्जोंबा'. सत्तरीतल्या बाईला मामा म्हणून हाक मारताना पहिल्या दिवशी माझी जीभ अडखळायची, दुसऱ्या दिवशी सवय झाली. बाजारात भाजी विकायला बसते ती 'मामा म्बोगा'. तिच्या पुढ्यातले टोमॅटो म्हणजे 'न्यान्या', आणि आजीसुद्धा न्यान्याच. त्यामुळे पाव किलो आजी द्या, असं काहीतरी आपण बोलतोय असं वाटत राहतं.

गाव काकामेगाजवळचं, पश्चिम केनियातलं. हा लुह्या लोकांचा मुलूख. इथे पाहुण्याला कोंबडी खाऊ घातली नाही तर घराची अब्रू जाते, आणि पाहुण्याने ती नाकारली तर कुणाची जाते ते मला माहीत नव्हतं. 'सिली न्यामा', मी मांस खात नाही, एवढं वाक्य मी नैरोबीपासून घोकत आलो होतो. मामाने ते नीट ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मांस कुठंय? ही तर कोंबडी आहे." मग मासे? व्हिक्टोरिया सरोवराचे? तेही नाही म्हटल्यावर ती माझ्याकडे बघतच राहिली. शेवटी हळूच म्हणाली, "पोले." कुणी ठेच लागून पडलं, कुणाची बस चुकली, कुणाचं माणूस गेलं, की तिकडे पोले म्हणतात.

मित्राने बाजू सावरली. तो नव्वदच्या दशकात पुण्यात शिकायला होता. आमच्या मेसमध्ये त्याच्या ताटात पहिल्यांदा ज्वारीची भाकरी पडली, तेव्हा त्याने तुकडा मोडून नाकाशी धरला आणि म्हणाला, "म्तामा!" ज्वारीचं स्वाहिली नाव. पुढे दोन वर्षं पिठलं-भाकरीच्या दिवशी हा पठ्ठ्या रांगेत पहिला असायचा. त्याने आईला त्यांच्या भाषेत बराच वेळ काहीतरी समजावलं आणि मग मला मराठीत म्हणाला, "टेन्शन नको घेऊ. मी सांगितलं, तिकडे असे लाखो लोक आहेत आणि ते मरत नाहीत." कोंबड्याचं सोपट सोडलं गेलं. मी लगेच जाहीर करून टाकलं, की रात्रीचं जेवण मी बनवणार, मामाने फक्त शिकवायचं. यावर शेजारच्या दोन बायका हसल्या त्या थांबेचनात. पुरुष, त्यातही पाहुणा, आणि चुलीशी!

इथवर यायला फार यातायात पडत नाही. नैरोबीहून किसुमूला विमानाने तासाभराच्या आत पोचता येतं. तिथून उत्तरेला काकामेगाचा रस्ता. वाटेत मोठमोठे गोल धोंडे एकमेकांवर रचल्यासारखे दिसतात आणि कुठेतरी आपण विषुववृत्त ओलांडतो. रेल्वेने आलो असतो तर जास्त बरं वाटलं असतं, कारण १८९६ साली मोंबासाहून निघालेला तो लोहमार्ग १९०१च्या डिसेंबरात किसुमूलाच येऊन थांबला होता आणि तो घालायला हिंदुस्थानातून बत्तीस हजारांच्या आसपास मजूर आणले होते. बहुतेक पंजाबातले. मागोमाग गुजराती दुकानदार आले. ही माणसं किती राहिली, किती परतली हा वेगळा विषय. त्यांचे शब्द मात्र चुलीपाशी ठाण मांडून बसले आहेत. दुकान म्हणजे 'दुका', डबा म्हणजे 'देबे', कोथिंबीर 'दानिया', कोशिंबीर 'काचुंबारी'. चहा 'चाय' आणि चपाती चपातीच. २००७ साली मोबाइलवरून पैसे पाठवायची जी सोय सुरू झाली तिचं नाव 'एम-पेसा'. त्यातला पेसा म्हणजे आपला पैसा. मामा म्बोगासुद्धा सुटे नसले की फोन पुढे करते.

अंगणात ताडपत्रीवर मका वाळत होता. पांढराशुभ्र, मोठ्या दाण्याचा. ऑगस्ट महिना, नुकती कापणी झालेली. पिवळा मका इथे सहसा कुणी उगालीला, म्हणजे पाण्यात पीठ घोटून केलेल्या घट्ट गोळ्याला, घेत नाही. तो जनावरांचा, किंवा दुष्काळात परदेशातून मदत म्हणून आलेला, अशी त्याची ख्याती. मामाने एक दाणा उचलून दाताखाली धरला. कट्ट आवाज आला नाही. "अजून दोन उन्हं," ती म्हणाली. मित्राची पद्धत निराळी. कोरड्या बाटलीत कोरडं मीठ आणि मूठभर दाणे घालायचे, हलवायचं आणि थोडा वेळ ठेवायचं. मीठ काचेला चिकटलं तर दाणा ओला. साडेतेरा टक्क्यांहून जास्त ओलावा राहिलेला मका पोत्यात भरला की बुरशी धरतो, आणि त्या बुरशीचं विष शिजवूनही जात नाही. २००४ साली पूर्व केनियात अशा मक्याने सव्वाशे माणसं दगावली. त्यामुळे दाताखालचा तो आवाज मामा चेष्टेवारी नेत नाही.

गेल्या हंगामातल्या मक्याचा एक देबे घेऊन आम्ही गिरणीवर गेलो. गिरणीला 'पोशो मिल' म्हणतात. डिझेलचं इंजिन, पट्टा, पिठाने पांढरा झालेला गिरणीवाला आणि नंबर लावून बसलेल्या बाया. पिठाचा हात झटकत गिरणीवाल्याने मित्राला विचारलं, "हा म्हिंदी माहिंदी दळायला आलाय?" सगळी रांग हसली. म्हिंदी म्हणजे हिंदी माणूस आणि माहिंदी म्हणजे मका. नावाचा अर्थ धरला तर मका म्हणजे हिंदुस्थानचं धान्य! खरं म्हणजे मका अमेरिकेतला. पोर्तुगीजांच्या गलबतांबरोबर तो सोळाव्या शतकात या किनाऱ्याला लागला. इटलीत त्याला तुर्की धान्य म्हणतात, इथे हिंदी. समुद्रावरून आलेली वस्तू ज्याच्या ओटीत पडली त्याने ती दुसऱ्याच कुणाच्या नावावर मांडली. आम्ही मात्र काही न करता फुकटचा मान मिळवला.

दुकानात मिळणारं दोन किलोच्या पुड्यातलं पीठ चाळलेलं, कोंडा काढलेलं असतं. ते दिसायला सुरेख, पण गिरणीचं पीठ हातात घेतलं की कणसाचा वास येतो. घरी परतल्यावर केलेला माझा एक पराक्रम इथेच सांगून टाकतो, म्हणजे दुसऱ्या कुणाचं पातेलं वाचेल. मी दुकानातून कॉर्नफ्लॉअर आणलं. नाव मक्याच्या पिठाचंच. पण आपल्याकडे त्या नावाने मिळतो तो मक्याचा निव्वळ स्टार्च. आधणात पडल्याबरोबर त्याची अशी काही खळ झाली, की पतंग चिकटवता आले असते. मक्याचं पीठ हवं, तेही जरा रवाळ. पांढरं मिळालं तर उत्तम. पिवळ्याची उगाली गोडसर होते, पण होते.

संध्याकाळी परसात गेलो. सुकुमा विकीची झाडं गुडघ्याएवढी. खालची पानं खुडत वर वर जायचं, म्हणजे झाड महिनोन् महिने देत राहतं. खाली उघडा दांडा आणि वर पानांचा झुबका, जणू बुटका माड. ही कोबीचीच जात, फक्त गड्डा न धरणारी. नावाचा अर्थ 'आठवडा ढकल'. पगार संपलेला, पुढचा लांब, मांस परवडत नाही, तर ही भाजी खा आणि आठवडा पुढे ढकल. आपल्याकडे इतक्या भाज्या गरिबाघरच्या म्हणून ओळखल्या जातात, पण इतकं स्पष्ट नाव ठेवायचं धाडस कुणी केलं नाही. आणि गंमत अशी, की ही भाजीसुद्धा इथली नव्हे. गोऱ्या लोकांबरोबर आली, थंड डोंगराळ हवेत रुजली.

चिरण्याचं काम मला पंधरा मिनिटांत सोडावं लागलं. मामाने दहाबारा पानं एकावर एक ठेवली, दांडे मोडून टाकले, पानांची घट्ट सुरळी केली, ती डाव्या मुठीत उभी धरली आणि उजव्या हातातल्या सुरीने वरून काप काढायला सुरुवात केली. पाट नाही, विळी नाही, सगळं अधांतरी. मुठीतून हिरवे दोरे पडताहेत असं वाटत होतं. आपल्या अळूवडीची सुरळी मला बऱ्यापैकी जमते, म्हणून मी सुरी मागून घेतली. माझे काप बोटभर रुंद आले. मामाने ते गुपचूप वेगळे काढले आणि पुन्हा चिरले.

स्वयंपाकघर म्हणजे घरापासून वेगळी मातीची खोली, वर पत्रा. तीन दगडांची चूल. धूर आपल्याला आपलं बालपण आठवायला लावेल इतका. ज्यांचं बालपण गॅसवर गेलं त्यांनी दाराशीच बसावं. चुलीवर 'सुफुरिया' चढलं, म्हणजे बिनकानाचं, काठाला कंगोरा असलेलं जर्मनचं पातेलं. सहा माणसांना दीड लिटर पाणी. मीठ नाही. मीठ राहिलं असं समजून मी डबा पुढे केला तर मामाने माझा हात बाजूला सारला. उगालीत मीठ घालत नाहीत, चव भाजीची.

आधणाला बुडबुडे यायला लागले तसं तिने मूठभर पीठ वैरलं आणि ढवळलं. पातळ पेज झाली. ती रटरटायला लागली, तेव्हा बाकीचं पीठ, सगळं मिळून पाऊण किलोच्या आसपास, एकदम मध्यभागी ढीग करून ओतलं. ढवळलं नाही. 'म्विको'च्या, म्हणजे लाकडी चाटूच्या दांड्याने ढिगाला चारपाच भोकं पाडली आणि नुसती बघत बसली. भोकांतून पेज वर येऊन फुटू लागली. मला एकदम कोकणातली मावशी दिसली, मोदकाच्या उकडीच्या पिठात उलथन्याच्या टोकाने भोकं पाडणारी. तिलाही कुणी सांगितलं नसेल, हिलाही नाही. पिठाच्या पोटात वाफ न्यायची तर दुसरा मार्गच नाही.

"आता तू," मामा म्हणाली.

म्विको हातात घेतला आणि कळलं, की आजवर मी आयुष्यात काहीच घोटलेलं नाही. पहिली दोन मिनिटं सोपी. मग पीठ पाणी ओढून घेतं आणि पातेल्यातला गोळा तुमच्याशी झोंबी खेळू लागतो. एका हाताने फडक्यात पातेल्याची कड धरायची, दुसऱ्याने गोळा कडेला दाबायचा, खालून उचलून उलटायचा, पुन्हा दाबायचा. दाबताना कोरड्या गुठळ्या फुटतात; ढवळत बसलं तर त्या नुसत्या फिरतात. माझं पातेलं चुलीवर फिरत होतं, गोळा जागच्या जागी होता. दारातल्या दोन बायकांच्या आता पाच झाल्या होत्या. एकीने उठून पातेल्याला तळव्याएवढं लाकूड लावून धरलं. दहा मिनिटांनी खांदा गेला. मामाने म्विको घेतला आणि सत्तरीतल्या त्या मनगटाने तीन दणके असे दिले, की गोळा कडा सोडून मध्ये गोल होऊन बसला. भाजल्या कणसासारखा वास सुटला. ही खूण. हाताला पाणी लावून तिने गोळ्याला आकार दिला, मंद आचेवर दोन मिनिटं झाकून ठेवला आणि ताटात उपडा केला. जाड, पांढरा, वाफाळणारा घुमट.

भाजीबद्दल सांगण्यासारखं थोडंच. तेल, कांदा, कांदा मऊ झाला की टोमॅटो, मग चिरलेली सुकुमा, मीठ, पाचसात मिनिटं. झाकण नाही, नाहीतर रंग जातो. फोडणी नाही, हळद नाही, तिखट नाही. खरं सांगतो, माझा हात चारदा मोहरी शोधायला गेला. दुसऱ्या पातेल्यात 'कुंदे' होती, म्हणजे चवळीचा पाला. ती जरा राकट, म्हणून शिजवताना 'मागादी' टाकतात. मागादी नावाच्या सरोवरातला हा खार. आपल्या पापडखाराचा भाऊबंद समजा. तिला शेवटी शेंगदाण्याचं वाटण लावलं, आणि मग मात्र मी घरी आल्यासारखा झालो. जोडीला 'माहारागवे', म्हणजे उकडलेला राजमा. मक्यात जी प्रथिनं अपुरी पडतात ती कडधान्य भरून काढतं. आपलं वरण-भाताचं जे गणित, तेच.

मित्राच्या मुलीने तांब्यातून कोमट पाणी हातावर घातलं, खाली घमेलं धरलं. "कारिबू चाकुला," मामा म्हणाली. या, जेवायला बसा. उगालीचा लचका तोडायचा, मुठीत वळायचा, अंगठ्याने खळगी पाडायची आणि तिच्यात भाजी उचलायची. उजव्या हातानेच. आपल्याला यात शिकण्यासारखं फारसं नाही, आणि सबंध दिवसात एवढीच गोष्ट मला पहिल्या झटक्यात जमली. उगालीची स्वतःची चव सौम्य, जवळजवळ नाहीच. भाजीचा खारट-आंबट रस ती शोषून घेते आणि पोटात गेल्यावर आपलं वजन दाखवते. इथली माणसं दुपारी भात, रात्री चपाती खाऊनही सांगतील, की आज जेवलो नाही. का, तर उगाली नव्हती.

पातेल्याच्या तळाला राहिलेली खरवड, 'उकोको', मुलांनी भांडून खाल्ली. आमच्याकडे खरवड खाणाऱ्याच्या लग्नात पाऊस पडतो, असं मी सांगितलं. मामा म्हणाली, इथे रोजच दुपारी पडतो, कुणाचंही लग्न नसताना.

जेवणानंतर मी परसातल्या एका पट्ट्याबद्दल विचारलं. बोटांसारखी आत वळलेली कणसं मी सकाळीच ओळखली होती. "ही तर आमची नाचणी," मी म्हणालो. मित्र बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमची?" आणि हसायला लागला. नाचणी, तिकडची 'विंबी', आफ्रिकेच्या याच पूर्वेकडच्या डोंगराळ भागात माणसाने पहिल्यांदा पेरली. ज्वारी थोडी उत्तरेकडची, सुदानच्या बाजूची. चवळीही आफ्रिकेचीच. ही तिन्ही हजारो वर्षांपूर्वी समुद्र ओलांडून आपल्याकडे आली आणि भाकरी, आंबील, उसळ होऊन इतकी मुरली, की आपण त्यांना गावरान म्हणतो. त्या रात्री आमच्या ताटात मका, राजमा, टोमॅटो आणि शेंगदाणा अमेरिकेचे, सुकुमा युरोपची. खरी इथली म्हणावी अशी फक्त ती चवळीची पानं.

मामाच्या लहानपणी उगाली विंबीची आणि म्तामाची असायची, तपकिरी. मग ती मागे का पडली? मामाने दिलेलं कारण कुठल्याही पुस्तकातल्या कारणाइतकंच पक्कं होतं: पाखरं. ज्वारी-नाचणीचं कणीस उघडं. पाखरांचा थवा उतरला की दोन दिवसांत शेत साफ. राखणीला पोरं लागायची. पोरं शाळेत जायला लागली, राखण गेली. मक्याचं कणीस सालींत गुंडाळलेलं. शिवाय सोलायला सोपं, दळायला सोपं, आणि एकराला उतारा जास्त. मळ्यांवरच्या मजुरांना शिधा म्हणून मक्याचं पीठच मिळायचं, त्याने जिभेला वळण लागलं होतंच. १९६४ साली केनियातल्याच किताले गावाहून संकरित बियाणं आलं आणि उरलंसुरलं काम झालं. आपल्याकडे जोंधळ्याच्या शेतात माळ्यावर उभं राहून गोफण फिरवणारी पोरं कुठे गेली, याचं उत्तर मला काकामेगात मिळालं.

विंबी आता सकाळच्या 'उजी'पुरती, म्हणजे आपल्या आंबिलीपुरती, उरली आहे. मित्र सांगत होता, नैरोबीत मात्र तिला पुन्हा भाव आलाय. साखरेचा आजार झाला की डॉक्टर तपकिरी उगाली खायला सांगतात आणि ती पांढरीपेक्षा महाग मिळते. मी त्याला पुण्यातल्या नाचणीच्या बिस्किटांची किंमत सांगितली.

घरी आल्यावर सुकुमासाठी मी फार शोधाशोध केली नाही. नवलकोलचा पाला त्याच जातीचा, फ्लॉवरची कोवळी पानंही. भाजीवाले ती टाकून देतात, मागितली तर वर आशीर्वादासारखी देतात.

निघायच्या दिवशी पहाटे चार वाजता कोंबडा आरवला. माझ्याच खिडकीखाली. "तूच वाचवलास," पलीकडच्या खोलीतून मित्र ओरडला, "आता ऐक!" साडेसहाला मी चुलीपाशी गेलो तेव्हा मामा रात्रीच्या उगालीचे जाड काप निखाऱ्यांवर भाजत होती. कडा तांबूस झाल्या होत्या, मधून धुराचा वास. एकत्र उकळलेल्या दूध-पाण्याची, भरपूर साखरेची चाय तिने दोन कपांत ओतली. शिळी भाकरी आणि चहा यावर वाढलेल्या माणसाला पुढे काय करायचं ते कुणी शिकवावं लागत नाही. तिने आपला तुकडा कपात बुडवला, मी माझा. माझा जरा जास्त वेळ बुडला आणि तुटून तळाशी गेला.

"पोले," मामा म्हणाली, आणि आपल्यातला अर्धा तोडून माझ्या हातावर ठेवला.